मोनेच्या ‘ग्रँड कॅनाल’वरून पाण्यातलं प्रतिबिंब रंगवायला शिकूया

कालवा किंवा तळं रंगवताना बहुतेक जण आधी काठावरच्या इमारती मन लावून करतात, अगदी खिडक्यांच्या गजांपर्यंत. पाण्याची पाळी आली की त्याच इमारती उलट्या करून, जरा पुसट करून खाली उतरवायच्या आणि त्यांवर चार पांढऱ्या आडव्या रेघा मारायच्या. चित्र पूर्ण होतं, पण पाणी काचेसारखं कोरडं राहतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १९०८ मध्ये व्हेनिसच्या ग्रँड कॅनालची जी चित्रं केली, त्यांत इमारत आणि पाणी हा भेदच त्याने ठेवलेला नाही. दगडी चर्च आणि त्याखालचं पाणी एकाच जातीच्या फटकाऱ्यांनी, जवळजवळ त्याच रंगांनी उभं राहतं. ही एक गोष्ट हातात बसली, तर बाकी सगळं सरावाचं काम आहे.

या लेखात त्यांतलंच एक चित्र समोर ठेवून तैलरंगात एक अभ्यासचित्र करू. हुबेहूब नक्कल हा हेतू नाही. निसर्गचित्राची थोडी सवय आहे, पण पाणी साधत नाही, अशांसाठी हा लेख आहे.

चित्राबद्दल आधी थोडं

मोने पत्नी ॲलिससोबत १ ऑक्टोबर १९०८ रोजी व्हेनिसला पोहोचला आणि ७ डिसेंबरला निघाला. वय ६७, अडुसष्टावा वाढदिवस तिथेच झाला. सुरुवातीचा मुक्काम ग्रँड कॅनालवरच्या पलाझ्झो बार्बारोमध्ये होता. तिथल्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवरून त्याने कालव्याची सहा चित्रं केली. पुढे गोंडोला बांधायचे उभे खांब, मागे सांता मारिया देला सालुते हे घुमटांचं चर्च आणि मधे नुसतं पाणी. १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडायला हे चर्च उभारायचं ठरलं, १६३१ मध्ये बाल्दासारे लोंगेनाच्या आराखड्यावर काम सुरू झालं. भरभक्कम, नक्षीदार इमारत आहे. मोनेने तिची सगळी नक्षी गाळली आणि तिला धुक्याचं वजन दिलं.

या सहांपैकी एक चित्र बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, एक सॅन फ्रान्सिस्कोच्या लीजन ऑफ ऑनरमध्ये. दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती पाहता येतात. आकार साधारण ७३ बाय ९२ सेंमी. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणारा १६ बाय २० इंची कॅनव्हास जवळजवळ याच प्रमाणाचा आहे, तेव्हा तोच घ्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे लँडस्केप करणाऱ्यांमध्ये ‘जागेवरच पूर्ण केलं’ याचा फार अभिमान असतो. मोनेची व्हेनिसची चित्रं जागेवर पूर्ण झालेली नाहीत. ती फ्रान्समधल्या जिव्हर्नीच्या घरी, स्टुडिओत, पुढची काही वर्षं हातात होती. मधे १९११ मध्ये ॲलिस गेली. १९१२ मध्ये पॅरिसच्या बर्नहाइम-जन गॅलरीत त्यांतली एकोणतीस चित्रं मांडली गेली. म्हणून दुसऱ्या बैठकीची लाज वाटून घेऊ नका. या प्रकारच्या पाण्याला ती लागतेच.

पहिली पायरी: ब्रश न उचलता पाहणं

चित्र पडद्यावर मोठं करा आणि डोळे बारीक करून पाहा. मग ते मोबाइलमध्ये कृष्णधवल करा. पहिला धक्का इथे बसतो: रंगांनी इतकं श्रीमंत दिसणारं चित्र करड्या रंगात फारच मवाळ होतं. काळ्याजवळ जाणारा टोन (रंगाचा उजळ-गडदपणा) नाही, निखळ पांढरा नाही. सगळा खेळ मधल्या पट्टीत चाललाय. खांब सगळ्यांत गडद, पण तेही निळे-जांभळेच.

आता चित्र उलटं करा. वर पाणी, खाली चर्च. उलटं केल्यावर कुठला भाग पाण्याचा आणि कुठला इमारतीचा हे क्षणभर तरी सांगता येत नाही. आपल्या चित्राची परीक्षाही शेवटी याच पद्धतीने घ्यायची आहे.

प्रतिबिंब कसं वागतं

हा भाग घाईने वाचू नका. पाण्याच्या चित्रात चुका होतात त्या बहुतेक हाताच्या नसतात, समजुतीच्या असतात.

प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, पण ते वस्तूचं उलटं छायाचित्र नसतं. तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली नेला, तर तिथून जे दिसेल ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणून पुलावरचा रस्ता तुम्हाला दिसत असला तरी प्रतिबिंबात पुलाचं पोट दिसतं. इमारत काठापासून मागे असेल तर काठ तिच्या प्रतिबिंबाचा काही भाग खाऊन टाकतो. तुम्ही उंचावर उभे असाल तर जास्तच. मोने पाण्याला टेकलेल्या पायऱ्यांवर होता, त्यामुळे त्याच्या नजरेची उंची कमी आणि प्रतिबिंबं लांब. गच्चीवरून काढलेल्या फोटोवरून तुम्हाला हे पाणी मिळणार नाही.

झुकलेला खांब डावीकडे झुकला असेल तर त्याचं प्रतिबिंबही डावीकडेच जातं. इथे फार जण चुकतात आणि खांबाचीच सरळ रेघ पाण्यात पुढे ओढतात. खांब आपल्याकडे झुकलेला असेल तर प्रतिबिंब खांबापेक्षा लांब दिसतं, पलीकडे झुकलेला असेल तर आखूड.

टोनचा नियम सोपा आहे: उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद, गडद वस्तूचं किंचित उजळ. पाण्यात गाळ असतो, पाण्याचा स्वतःचा रंग असतो, तो दोन्हीकडून मधे ओढतो. व्हेनिसचं पाणी हिरवट आहे, म्हणून गुलाबी चर्च खाली आल्यावर जरा मळकं जांभळं होतं आणि निळा खांब हिरव्याकडे झुकतो.

लांबचं पाणी आरशासारखं आणि जवळचं पाणी खोल का दिसतं? नजर पाण्यावर तिरकी, घासत गेल्यासारखी पडते तेव्हा पाणी जास्तीत जास्त प्रकाश परत फेकतं. पायाजवळ सरळ खाली पाहिलं तर दोनेक टक्केच परत येतो, बाकी आत जातो. त्यात आणखी एक भर: जवळच्या पाण्यात आकाशाचा वरचा, जास्त गडद भाग उमटतो. म्हणून पाणी वरून खाली येताना गडद आणि हिरवं होत जायला हवं. सपाट निळा पट्टा केलात तर तो उभ्या भिंतीसारखा दिसेल.

आणि लाटा. छोट्या तरंगांमुळे प्रतिबिंब आपल्या दिशेला, म्हणजे खाली, लांबत जातं. आडवं मात्र फारसं पसरत नाही. सालुतेचा घुमट पाण्यात गोल राहत नाही, एक उभा फिकट स्तंभ होतो. हा आकार उभा असला तरी तो बनतो आडव्या तुकड्यांचा. आकार उभा, फटकारा आडवा: पाणी रंगवण्याची अर्धी कला या चार शब्दांत आहे.

रंग आणि सामान

मोनेने १९०५ मध्ये एका पत्रात आपले रंग सांगितले होते: पांढरा (तेव्हा शिशाचा), कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट ब्लू आणि व्हिरिडियन हिरवा. बास. काळा नाही, मातकट रंग नाहीत. आपणही हेच घेऊ. शिशाच्या पांढऱ्याऐवजी टायटॅनियम व्हाइट, मॅडरऐवजी ॲलिझरिन क्रिमझन, व्हर्मिलियनऐवजी कॅडमियम रेड लाइट. कोबाल्ट महाग पडतो. अल्ट्रामरीनवर चालवता येईल, पण तो जांभळ्याकडे झुकतो, तेव्हा त्यात कणभर व्हिरिडियन घाला. पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्या, तोच सगळ्यात आधी संपतो.

ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे), फ्लॅट म्हणजे चपटे किंवा फिल्बर्ट म्हणजे चपटे पण गोलसर टोकाचे, ४, ६ आणि ८ नंबर. बारीक गोल ब्रश पेटीतच राहू द्या. समोर असला की हात खिडक्या काढायला धावतो. टर्पेंटाइन, जवसाचं तेल, सुती चिंध्या, पॅलेट नाइफ. खोलीत हवा खेळती हवी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात त्या टाका.

दुसरी पायरी: छोटं टोनचित्र

वहीच्या पानावर पत्त्याएवढी चौकट आखा. पेन्सिलने फक्त तीन टोन: आकाश आणि उजळ पाणी एक, चर्च आणि दूरचे काठ दुसरा, खांब आणि त्यांची प्रतिबिंबं तिसरा. दहा मिनिटांत व्हायला हवं. खांब चौकटीच्या नेमक्या मधे येऊ देऊ नका आणि सगळे एका उंचीचे, समान अंतरावर तर मुळीच नकोत, कुंपण होईल. असे दोन-तीन आराखडे करून त्यांतला एक निवडा.

तिसरी पायरी: जमीन (कॅनव्हासवरचा तळाचा रंगथर) आणि रेखाटन

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर टोन ओळखणं अवघड जातं. मी पांढऱ्यात किंचित लाल आणि पिवळा मिसळून, टर्पेंटाइनने पातळ करून एक फिकट अबोली थर देतो आणि चिंधीने पुसून घेतो. ही माझी सवय आहे, मोनेची रीत म्हणून सांगत नाही. फायदा असा की नंतरच्या निळ्या-हिरव्या फटकाऱ्यांच्या फटींतून ही ऊब डोकावत राहते. थर एक-दोन दिवस सुकू द्या.

रेखाटन ब्रशनेच, पातळ कोबाल्टने. पाण्याची रेघ कुठे आहे, घुमटाचं टोक कुठे, खांब पाण्याला कुठे टेकतात, एवढ्याच खुणा. पाण्याची रेघ मात्र पट्टी लावल्यासारखी आडवी हवी. ती कलली तर कितीही सुंदर रंग लावा, कालव्यातलं पाणी सांडणारच.

चौथी पायरी: सगळीकडे एकदम

आता दोन तास हाताशी ठेवा. ॲलिसच्या पत्रांवरून कळतं की व्हेनिसमध्ये मोने दिवसाचे तास विषयांना वाटून देत असे, एका विषयाला साधारण दोन तास. प्रकाश बदलला की तो चित्र बदलत असे. ही शिस्त घरातल्या अभ्यासालाही उपयोगी पडते. दोन तासांत जे झालं ते झालं.

आधी रंगांचे ढीग तयार करा. आकाशासाठी पांढरा, कोबाल्ट, कणभर क्रिमझन आणि क्षितिजाजवळ थोडा पिवळा. चर्चसाठी पांढरा, क्रिमझन, कोबाल्ट. उन्हाच्या बाजूला थोडा पिवळा आणि लाल, सावलीच्या बाजूला जास्त कोबाल्ट. पाण्यासाठी कोबाल्ट आणि व्हिरिडियन, पांढऱ्यासह, दोन ढीग: एक उजळ, एक गडद. खांबांसाठी कोबाल्ट आणि क्रिमझन, त्यात थोडा व्हिरिडियन. क्रिमझन आणि व्हिरिडियन नुसते मिसळले तर जवळजवळ काळा मिळतो, म्हणून काळ्या ट्यूबची गरज पडत नाही. या चित्रात तेवढ्या गडदापर्यंत जाऊही नका.

टायटॅनियम पांढरा जोरकस असतो, जास्त पडला की सगळं खडूसारखं होतं. रंगात पांढरा घाला, पांढऱ्यात रंग नको.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ. आणि क्रम महत्त्वाचा: आकाशाचा ब्रश धुण्याआधी तोच रंग पाण्यात जिथे आकाश दिसतंय तिथे लावा. चर्चचा रंग घेतलात की लगेच खाली त्याच्या प्रतिबिंबाच्या जागी, पाण्याच्या रंगाशी जरा मळवून. वर-खाली, वर-खाली असं काम चालू द्या. इमारत पूर्ण करून मग पाणी, हा क्रम इथेच मोडायचा आहे. चाळीसेक मिनिटांत कॅनव्हास झाकला गेला पाहिजे, आणि तो त्या वेळी कुरूपच दिसेल. दिसू द्या.

पाचवी पायरी: पाणी

आता रंग जरा घट्ट, टर्पेंटाइन जवळजवळ बंद. आठ नंबरचा फ्लॅट ब्रश घ्या, रंग भरून घ्या आणि आडवा फटकारा मारून उचला. एका फटकाऱ्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही. ओल्यावर ओला रंग दोनदा घोटला की चिखल होतो.

दूरच्या पाण्यात फटकारे लहान, पातळ, एकमेकांना चिकटून. जवळ येताना ते मोठे आणि विरळ होत जातात, त्यांच्यातल्या फटी वाढतात. पाण्याला अंतर मिळतं ते या फरकातून. सगळीकडे एकाच मापाचे फटकारे असतील तर पाण्याऐवजी विटांची भिंत होते.

आता एकाच टोनचे पण वेगळे रंग शेजारी ठेवा. मध्यम निळ्याच्या बाजूला तेवढ्याच गडदपणाचा हिरवा, त्याच्या बाजूला तेवढाच गडद जांभळा. कृष्णधवलमध्ये हे तिघे एकच दिसले पाहिजेत. शंका आली तर मोबाइलने फोटो काढून तपासा. इंप्रेशनिस्टांच्या, म्हणजे मोनेच्या पंथातल्या चित्रकारांच्या, पाण्यातली थरथर याच युक्तीतून येते: टोन सारखा असल्यामुळे पृष्ठभाग मोडत नाही, आणि रंग वेगळा असल्यामुळे डोळा एका जागी ठरत नाही. नवशिके थरथर आणायला उजळ-गडद ठिपके टाकतात. त्यामुळे पाणी न हलता तुकडे तुकडे होतं.

चर्चचं प्रतिबिंब उतरवताना गुलाबी-जांभळ्या आडव्या तुकड्यांचा एक उभा पट्टा करा. वरच्या टोकाला तुकडे दाट, खाली येताना विरळ, मधे मधे हिरवं पाणी घुसलेलं. घुमटाची रेषा पाण्यात काढू नका. काठावर, जिथे इमारत पाण्याला टेकते, तिथे एखाद-दुसऱ्या ठिकाणी कड पूर्ण हरवू द्या. दोन्हीकडचा रंग एकमेकांत ओढला तरी चालेल. मोनेच्या चित्रात दगड तरंगतो तो या हरवलेल्या कडांमुळे.

चमकेसाठी पांढऱ्या रेघांचा मोह होईल. पाण्यावर सूर्याची चमक फक्त उजेडाच्या दिशेला तोंड करून पाहिलं तर दिसते. बाकी ठिकाणी उजळ रेघ म्हणजे वाऱ्याने चुरगळलेलं पाणी, आणि तिचा रंग आकाशाचाच असतो. एखाद-दुसरी पुरे.

सहावी पायरी: खांब

खांब शेवटी, कारण तेच चित्रातले सर्वांत गडद आणि सर्वांत निश्चित उभे आकार आहेत. सहा नंबरच्या ब्रशने एका ओढीत, वर जरा सैल, पाण्याजवळ ठाम. एका बाजूला पडणारा उजेड म्हणून थोडा नारिंगी-गुलाबी रंग लावा, पूर्ण लांबीभर मात्र नको.

पाण्यात खांब जिथे शिरतो तिथे टोन सर्वांत गडद. तिथून प्रतिबिंब खाली येताना आधी अखंड, मग नागमोडी, मग तुटक. जवळच्या मोठ्या तरंगांमुळे शेवटचे तुकडे मोठे आणि एकमेकांपासून लांब असतात. खांब आणि प्रतिबिंब यांच्यात रेघ ओढून सांधा दाखवू नका. पाण्याची पातळी दाखवायची असेल तर एकच छोटा उजळ आडवा स्पर्श पुरतो.

दुसरी बैठक

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. पातळ थर आठवड्याभरात हाताला लागेनासा होतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जास्त दिवस लागतात, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅनव्हासवर बुरशी येते, तेव्हा मागून हवा राहू द्या.

मग चित्र उलटं करून पाहा आणि एकच प्रश्न विचारा: पाणी आणि इमारत एकाच प्रकाशात आहेत का? बहुधा इमारत जास्त ठाशीव निघते. तिच्यावर आकाशाच्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश हलकेच फिरवा, म्हणजे खालचा थर मधून दिसत राहील. पाण्यात जिथे रंग सपाट झालाय तिथे मोजके घट्ट फटकारे. या थरात जवसाच्या तेलाचा थेंब चालेल. आधी पातळ, नंतर तेलकट, हा क्रम उलटला तर पुढे तडे जातात.

ॲक्रिलिकमध्ये करणाऱ्यांना ओल्यात ओलं काम मिळणार नाही. त्यांनी रंग तुटक लावून वर कोरडा ब्रश वापरावा. जलरंगात उजळ जागा आधीच राखाव्या लागतात, आणि मोनेचा घट्ट पोत तिथे शोधू नये.

नंतर बाहेर

अभ्यासचित्र झालं की खऱ्या पाण्यापाशी जा. पणजीत फोंतेन्हासला लागून जाणारी ओरेमची खाडी या कामाला फार चांगली: रंगीत घरं, अरुंद पाणी, आणि भरती-ओहोटीने तासागणिक बदलणारी पातळी. मुंबईकरांना वाळकेश्वरचं बाणगंगा तळं आहे, पायऱ्यांवर बसलात तर नजरेची उंचीही मोनेसारखीच कमी मिळते. पुण्याचा मुठा उजवा कालवा शहरातून जातो खरा, पण पाणी सोडलेलं असतं तेव्हा ते धावतं आणि प्रतिबिंब फाटतं. सुरुवातीला संथ पाणी निवडा. सकाळी वारा उठण्याआधीची वेळ सर्वांत बरी. पहिल्या भेटीत रंग नेऊ नका, वही न्या आणि वीस मिनिटं फक्त प्रतिबिंबांचे टोन टिपा.

वॉर्निशची घाई करू नका. जाड फटकारे आतून सुकायला सहा महिने ते वर्ष घेतात. तोवर काचेच्या फ्रेममध्येही बंद करू नका, आणि चित्र टांगाल त्या भिंतीवर थेट ऊन येत नाही एवढं पाहा.